पुरवून वापरण्याचं गणित

शीतपेयाची दोन लिटरची रिकामी बाटली घ्यायची. खांद्याखाली जिथून ती सरळ होते, तिथं कापायची. कापलेला वरचा तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा. बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून मूठभर खडे टाकायचे आणि ते बुडून बाटलीचा सरळ भाग लागेल इथवर पाणी ओतायचं. त्या रेघेवर शून्य. तिथून वर पट्टी चिकटवायची. झाला पर्जन्यमापक. भिंतीपासून, झाडापासून लांब उघड्यावर ठेवायचा, रोज सकाळी साडेआठला वाचायचा आणि पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणून ठेवायचं. साडेआठलाच, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवसही त्याच वेळी बदलतो.

जून 2004 मध्ये माण तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत आम्ही अशी बाटली मांडली. आधीचं वर्ष भयंकर दुष्काळाचं होतं. गुरं छावणीत, माणसं टँकरच्या रांगेत. आमच्या सातारा जिल्ह्यात पश्चिमेला महाबळेश्वर आहे, तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पूर्वेला माणदेश, जिथं पाचशेचा आकडा गाठला तर वर्ष बरं गेलं म्हणतात. एकाच जिल्ह्यातली ही दोन टोकं पोरांना ऐकून माहीत होती, पण आपल्या गावात नेमका किती पाऊस पडतो हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मलाही नाही. मी तिथं सहा वर्षं शिकवत होतो.

पहिल्याच आठवड्यात शेळीनं बाटली पाडली. मग पोरांनी दगडांचं आळं केलं. रविवारी वाचणार कोण, यावर भांडण झालं आणि पाळ्या लागल्या. सगळ्यांत मोठा वाद झाला तो शून्यावर. पाऊस नसेल त्या दिवशी रकाना कोरा ठेवायचा की शून्य लिहायचं? चौथीतली एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, कोरं ठेवलं तर कळायचं कसं, की पाऊस नव्हता का बघायला कुणी गेलंच नव्हतं?" त्या दिवसापासून वहीत शून्य लिहायचं ठरलं. मी शाळेत शिकवलेल्या कुठल्याही धड्यापेक्षा तिनं मला शिकवलेलं हे वाक्य मोठं आहे असं मी मानतो.

मग गणित सुरू झालं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. शाळेचा पत्रा पोरांनी टेपानं मोजला: वीस मीटर लांब, सहा मीटर रुंद. एका रात्री पंचवीस मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे पत्र्यावरून तीन हजार लिटर पाणी खाली आलं आणि अंगणातून वाहून ओढ्याला गेलं. थोडं उडून, सांडून जातं हे धरलं, तरी अशा चार पावसांत दहा हजार लिटरचा एक टँकर भरतो. त्याच टँकरसाठी त्यांच्या आया भर उन्हात उभ्या राहत होत्या. त्यापुढचं गणित पाचवीच्या पोरांनी स्वतःहून केलं. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर. एक हेक्टर, एक मिलिमीटर, एक टँकर! हे इतकं सरळ जुळतं हे मला पुस्तकात कधी भेटलं नव्हतं.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत त्या मुलीनं वही वाचली. गावचं शिवार हजार हेक्टर धरलं आणि साडेचारशे मिलिमीटर पाऊस धरला, तर गावावर वर्षाला साडेचार लाख टँकर पाणी पडतं. सभेत एकदम शांतता पसरली. मागं पारावर टेकून बसलेले एक मेंढपाळ आजोबा उठले आणि म्हणाले, "आगं पोरी, मंग जातंय कुठं?"

ज्या विषयासाठी ही प्रस्तावना लिहायला बसलो आहे, तो विषय मला विचाराल तर या प्रश्नात आहे. सरकारी कागदावर त्याला शाश्वत विकासाचं शिक्षण म्हणतात. 'शाश्वत' म्हटलं की आपल्या मनात आत्मा, सत्य, चिरंतन असं काहीतरी येतं, आणि शब्द भिंतीवर टांगल्यासारखा दूर जातो. घरात त्यासाठी फार जुना शब्द आहे: पुरवून वापरणं. आई पिंपातलं पाणी पुरवून वापरते, कणगीतली ज्वारी नवं पीक येईतो पुरवते, गोडंतेल महिनाअखेरपर्यंत पुरवते. पुरवायचं तर आधी किती आहे ते माहीत असावं लागतं, किती जण आहेत ते माहीत असावं लागतं आणि पुढचं कधी येणार याचा अंदाज लागतो. हे तिन्ही माहीत नसेल, तर काटकसरीचा उपदेश नुसता वाऱ्यावर जातो. शाळेनं या तीन गोष्टी गावाला मोजून द्याव्यात. घोषणा देणारे पुष्कळ आहेत.

हा विचार आजचा नाही आणि बाहेरून आलेलाही नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या समितीनं नयी तालीमचा आराखडा केला आणि सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्यानं तशी शाळा उभी केली. सूत, शेत, सफाई, स्वयंपाक यांतूनच भाषा-गणित शिकायचं, अशी तिची रीत. मधली कित्येक वर्षं बंद राहिलेलं ते काम 2005 मध्ये सेवाग्रामच्या आवारात आनंद निकेतन या शाळेनं पुन्हा हाती घेतलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढं त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली वारली मुलं शाळेत येत नव्हती, कारण त्यांना गुरं राखायची असत. मग शाळाच कुरणात गेली. कुरणशाळा! गुरं चरतायत, मुलं गवतं ओळखतायत, पानं मोजतायत, गोष्ट ऐकतायत. मूल जिथं आहे तिथं शाळेनं जायचं हे तेव्हा त्यांनी करून दाखवलं, आणि आज आपण त्याला 'परिसराशी जोडलेलं शिक्षण' असं जड नाव देऊन प्रशिक्षणवर्ग घेतो.

पाबळचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं, कारण तोही शिरूर तालुक्याचा अवर्षणाचा पट्टा. डॉ. श्रीनाथ कलबाग मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून तिथं आले आणि 1983 मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हातानं काम करायचं: वेल्डिंग, रोपवाटिका, माती-पाण्याची तपासणी, रक्तगट तपासणं. यातलं जे काम गावाच्या उपयोगाचं असेल ते गावाला करून द्यायचं. त्यातली मेख लक्षात घ्यायला हवी. मुलाचं काम खरंच कुणाच्या उपयोगी पडतंय हे दिसलं की मूल ते नीट करतं. गुणांसाठी केलेल्या प्रकल्पाला शेजारच्या काकांच्या विहिरीच्या पाण्याच्या तपासणीची सर येत नाही.

बाहेरच्या जगातही हाच विचार हळूहळू रुजत होता. 1977 मध्ये तिबिलिसीला पर्यावरण शिक्षणावर आंतरसरकारी परिषद झाली, 2005 ते 2014 हे शाश्वत विकासासाठीच्या शिक्षणाचं दशक म्हणून संयुक्त राष्ट्रांनी पाळलं. आपल्याकडं एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये पर्यावरण हा विषय शिकवायला सांगितलं आणि डिसेंबर 2003 मध्ये तो शालेय शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर सक्तीचा करायचा आदेश दिला.

आदेश योग्यच होता. पण सक्ती झाली आणि विषयाचं 'श्रेणी'त रूपांतर झालं. वरच्या वर्गांच्या प्रकल्पवह्या एकीतून दुसरीत उतरायला लागल्या. जलप्रदूषणाचा तयार प्रकल्प चित्रांसकट दुकानात मिळायला लागला. जी मुलगी रोज दोन हंडे आणत होती, तिनं वहीत एका दूरच्या नदीच्या प्रदूषणाची कारणं लिहिली आणि तिला 'अ' श्रेणी मिळाली. तिच्या हंड्याबद्दल तिला कुणी एक प्रश्न विचारला नाही. हे मी स्वतः तपासनीस म्हणून पाहिलं आहे, त्या वह्यांवर सह्याही केल्या आहेत, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरी चूकही माझीच. मी मुख्याध्यापक असताना एका वर्षी 5 जूनला शंभर रोपं लावली. आता, 5 जून हा जागतिक पर्यावरण दिन, पण महाराष्ट्रात त्या दिवशी शाळेला उन्हाळी सुट्टी असते. पोरांना निरोप धाडून बोलावलं, ओळीत उभं केलं, फोटो काढला. माणदेशात तेव्हा जमीन तव्यासारखी तापलेली असते. पाऊस यायला अजून पंधरा-वीस दिवस, कधी त्याहून जास्त. टँकरचं पाणी रोपांना कोण घालणार? पुढच्या उन्हाळ्यात चार रोपं उरली होती. पोरांनी ती मोजली, माझ्यासमोर मोजली. ज्या शाळेत पाऊस कधी येतो हे मुलांनी वहीत लिहिलं होतं, त्याच शाळेनं त्या वहीकडं न बघता कॅलेंडरकडं बघून झाडं लावली होती. त्यानंतर आम्ही वीसच रोपं लावायला लागलो, दुसरा चांगला पाऊस होऊन गेल्यावर, आणि ताटं धुण्याचं पाणी चारीनं त्यांच्याकडं वळवलं. पोषण आहाराची खिचडी खाऊन सत्तर मुलं ताट धुतात, हात धुतात. ते पाणी रोज थोडं थोडं पण नेमानं येतं. शेवगा, पपई, कडीपत्ता त्यावर जगले. शेवग्याच्या शेंगा खिचडीत पडल्या त्या दिवशी स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी मुलांना दोनदा वाढलं.

पुन्हा आजोबांच्या प्रश्नाकडं येतो, कारण तो सोपा नव्हता. पाणी जातं कुठं? पुढचं वर्षभर आम्ही तेच शोधत होतो. महाराष्ट्राची बहुतेक जमीन काळ्या पत्थरावर आहे. पाणी साठतं ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खालच्या भेगांत, तेवढ्याच जागेत. हे विहिरीत उतरलेल्या माणसाला पुस्तकाशिवाय कळतं. पोरांनी दोरीला अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि दर पंधरवड्याला गावविहिरीच्या कठड्यावरून पाण्यापर्यंतच्या गाठी मोजल्या. ऑक्टोबरात नऊ गाठी होत्या. जानेवारीत सतरा झाल्या आणि मग महिनाभरात एकदम सव्वीस. एवढं पाणी कुणी प्यायलं नव्हतं. विहिरीजवळच एक नवी बोअर पडली होती आणि तिच्यावर ऊस उभा राहिला होता. रब्बी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर निघते. उसाला तिच्या कितीतरी पट पाणी लागतं.

पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत मनमानी विहीर खोदू नये, असा 1993 चा महाराष्ट्राचा कायदा होता. मला तो तेव्हा माहीत नव्हता, एका पालकानंच कागद आणून दाखवला. पोरांनी अंतर पावलांनी मोजलं. कुणाचं नाव न घेता फक्त गाठींचा आलेख शाळेच्या भिंतीवर लावला. चार दिवसांत मला बोलावणं आलं. गुरुजींनी राजकारण करू नये, पोरांना अभ्यास शिकवावा, अशी तक्रार वर गेली होती. साहेबांनी मला तासभर उभं ठेवलं.

इथं या विषयाची खरी परीक्षा असते, आणि शिक्षकांसाठीच्या कुठल्याही मार्गदर्शिकेत मला हे पान सापडलं नाही. प्लॅस्टिक वापरू नका, नळ बंद करा, असं शिकवणाऱ्या शिक्षकावर कुणी रागावत नाही. पण मोजलं की मोजमाप कुणाच्या तरी दारात जाऊन थांबतं. तिथं शिक्षकानं काय करायचं? माझ्यापुरतं मी हे शिकलो: मुलांना कुणाच्या विरोधात उभं करायचं नाही, आणि आकडा मात्र पुसायचा नाही. आलेख भिंतीवर राहिला. बोअरवाल्यांचा धाकटा आमच्याच शाळेत तिसरीला होता. त्याची पाळी आली तेव्हा त्यानंही दोरी सोडली आणि गाठी मोजल्या. बाकीचं बोलणं गावानं आपसात केलं, ते कसं झालं हे सांगायचा अधिकार माझा नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरेबाजार हे याच वाटेवर खूप पुढं गेलेलं गाव. पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून गावानं टेकड्यांवर चर खणले, चराईबंदी केली, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि ऊस-केळी लावायची नाही असं ठरवलं. पाऊस मोजून गावाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि पाऊस किती झाला त्यावर कोणती पिकं घ्यायची ते ठरतं. लोक तिथं सहलीला जातात, चर बघतात, झाडं बघतात. मी शिक्षकांना सांगतो, तो ताळेबंद बघा. पाचवी-सहावीच्या मुलाला समजेल असं ते गणित आहे.

गावाला शाळेनं शिकवायचं असं मी म्हणतो आहे असं वाटेल, पण शाळेपेक्षा गावाकडं जास्त शिकवण्यासारखं आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी घरोघरचं गावरान बियाणं गोळा करून, राख लावून, मडक्यांत-डब्यांत जपून बीजबँक उभी केली, 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. प्रत्येक गावात पुरस्कार न मिळालेली अशी एक आजी असते. वालाच्या पाच जाती तिला सालीवरून ओळखू येतात. तिला महिन्यातून एकदा खुर्ची देऊन वर्गात बसवावं आणि गुरुजींनी पोरांबरोबर खाली सतरंजीवर बसावं. मी बसलो आहे. मेंढपाळ आजोबा आमच्या शाळेत तीन वर्षं येत होते. गवत कुठलं खाल्लं की मेंढीचं पोट फुगतं, कुठल्या ओढ्याला पूर्वी वैशाखात पाणी असायचं, हे त्यांनी सांगितलेलं पोरांनी लिहून घेतलं. पाचवीतला एकजण त्यांना म्हणाला, "आजा, तुमी सांगितल्यालं माझ्या पप्पांनाबी म्हाईत न्हाई." आजोबा गप्प बसले, मग म्हणाले, "त्यानं कदी इचारलंच न्हाई."

या पुस्तकात शिक्षकांनी आपापले अनुभव लिहिले आहेत. कुणी किनाऱ्यावरचे, कुणी शहरातल्या महापालिका शाळेतले, कुणी तीन नद्यांच्या बेचक्यातल्या पाड्यावरचे. सगळे सारखे चांगले लिहिणारे नाहीत आणि मी संपादन करताना त्यांची भाषा गुळगुळीत केली नाही. काहींचे प्रयोग फसले आहेत; ते लेख मी मुद्दाम पुढं घेतले. ओल्या कचऱ्याचं खत करताना अळ्या पडल्या, पालक भांडायला आले आणि शेवटी एका आईनंच पाला जास्त घाला, खरकटं कमी, असं सांगितलं, हा लेख पहिला आहे. कासवांच्या घरट्यांची राखण करणाऱ्या शाळेचा लेख सगळ्यांत देखणा आहे, तो मागं ठेवला आहे. देखणं वाचून हुरूप येतो, पण फसलेलं वाचलं की हात कामाला लागतात.

एक गोष्ट जवळपास प्रत्येक लेखात येते: बदली. गुरुजी गेले आणि वही बंद पडली. शिक्षणहक्क कायद्यानं जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बिगरशैक्षणिक कामं शिक्षकाला देऊ नयेत असं सांगितलं आहे, पण सर्वेक्षणं, माहितीचे तक्ते, रोजचे फोटो पाठवणं हे सगळं चालूच असतं. त्यात उत्साही शिक्षक दमतो, मग बदलून जातो. ज्या ठिकाणी काम टिकलं, तिथं ते शिक्षकाच्या हातात राहिलंच नव्हतं. त्याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया ठेवल्या आहेत. एका लेखात तर बचत गटाच्या बायकांनी पावसाची वही आपल्या हिशेबाच्या पेटीत ठेवली आहे. शाळेला नवे गुरुजी आले की त्या वही काढून देतात आणि संध्याकाळी परत घेऊन जातात. नव्या शिक्षकाला पर्याय राहत नाही!

माझ्या जुन्या शाळेतली वही मी मध्यंतरी जाऊन पाहिली. 2009 च्या पावसाळ्याची पानं नाहीत. त्या वर्षी शाळेत एकच शिक्षक होता. बाकी आहे. अक्षरं बदलत गेली आहेत, काही ठिकाणी मिलिमीटरच्या जागी चुकून सेंटिमीटर पडलंय आणि दुसऱ्याच कुणीतरी ते लाल शाईनं दुरुस्त केलंय. 2018 च्या पानावर ऑगस्टच्या मध्यापासून खाली नुसती शून्यं आहेत, एकाखाली एक, एकही चुकवलेलं नाही. त्या ऑक्टोबरात सरकारनं राज्यात दुष्काळ जाहीर केला, त्यात माण होताच. गावाला ते पंधरा सप्टेंबरलाच माहीत होतं, कारण पोरांनी ते पान ग्रामपंचायतीच्या फळ्यावर उतरवून काढलं होतं आणि टँकरची मागणी त्या आकड्यांसकट गेली होती.

पुस्तकाच्या शेवटी चार पानं सोडली आहेत. त्यांवर जून ते सप्टेंबरचा तक्ता आखलेला आहे, आणि बाटली कशी कापायची त्याचं चित्र आहे. पान फाडून शाळेच्या दाराला लावलं तरी चालेल. पहिला रकाना 1 जूनचा आहे. त्या दिवशी शाळा बंद असेल, तरी जवळच्या घरातल्या एखाद्या पोरीला साडेआठला बाटली बघायला सांगा, आणि पाऊस नसला तर शून्य लिहा.